वामनरावांची खरवड

आमच्या समोरचे वामनराव म्हात्रे पाहुण्याला ‘या’ म्हणत नसत, ‘उतरा’ म्हणत. फाटकाशी कुणी उभं राहिलं की आतून आवाज यायचा, “उतरा, उतरा! डोकं सांभाळा.” नवखा माणूस आधी गोंधळून मागे बघायचा. आपण अजून रिक्षातच आहोत की काय, असं त्याला वाटत असावं. मग पुढे पाहिल्यावर उलगडा व्हायचा. घर रस्त्याच्या खाली होतं आणि वामनराव दारात उभे राहून पाहुण्याच्या चपलांशी बोलत होते.

रेवा, ईशान, मागच्या खेपेला आलात तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, “आजी, त्या आजोबांनी घर बेसमेंटमध्ये का बांधलंय?” तुमच्या बॅगा भरायच्या होत्या, म्हणून मी उत्तर टाळलं. आता सावकाश सांगते. घर बेसमेंटमध्ये बांधलेलं नव्हतं. ते चांगलं तीन पायऱ्या चढून जायचं घर होतं. खाली गेलं नाही, रस्ता वर आला.

आपल्या या बोळिंजला इमारती नव्हत्या, केळीच्या बागा होत्या, तेव्हाचं हे घर. समोर बैलगाडीची वाट. मग वाटेचा रस्ता झाला, आणि रस्ता झाला की तो दुरुस्त करणं आलं. आपल्याकडे दुरुस्तीचा अर्थ सोपा आहे: जुन्यावर नवं ओतायचं. जुनं काढायचं नाही. त्यामुळे आपल्याकडचे रस्ते झिजण्याऐवजी वाढतात. पुराणातल्या वामनाने तीन पावलांत बळीला पाताळात घातलं म्हणतात. आमच्या वामनाच्या बाबतीत उलटं झालं. रस्त्याने एकेका थरात त्यांची एकेक पायरी गिळली, मग उंबरा गाठला, आणि तिथेही समाधान न झाल्याने तो खिडकीकडे निघाला.

आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा खालची पायरी आधीच गेलेली होती. वामनरावांच्या पत्नी, सगळे त्यांना काकी म्हणत, तेव्हा होत्या. संध्याकाळी त्या दारात उभ्या राहून वालाच्या शेंगा निवडायच्या. एवढ्या दोन पायऱ्या मोकळ्या असताना ही बाई उभी का, म्हणून मी एकदा म्हटलं, “काकी, बसा की पायरीवर.” त्या हसून म्हणाल्या, “बसायला जागा कुठं राह्यली, बाई?” मला वाटलं, त्या गर्दीबद्दल बोलतायत. त्यानंतर काही वर्षांनी काकी गेल्या. मुलगा दिनेश ठाण्याला. वामनराव त्या घरात एकटे राहिले, आणि सगळा राग त्यांनी रस्त्यावर काढायला घेतला.

राग म्हणण्यापेक्षा अभ्यास म्हणू. एकदा गॅसचा पाइप टाकायला कुणीतरी रस्ता उभा कापला. लोक नाकाला रुमाल लावून जात होते. वामनराव मात्र चराच्या काठावर छत्रीचं टोक रोखून उभे होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवत होते.

“ही बघा, मास्तरीनबाई, अळूवडी!”

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून मी मास्तरीणबाई. वामनरावांच्या तोंडी ‘ण’ बसत नाही. गावातल्या जुन्या लोकांच्या तोंडी तो कधी बसलाच नाही.

“हा तळाचा थर बघा. काळाभोर, दाबून बसवलेला. हा सज्जन मानूस. त्याच्यावरचा हा पोटनिवडनुकीचा. हा त्याच्यावरचा, निवडून आल्याचा. आनि हा पापडासारखा बघितलात? मंगल कार्यालयात कुठल्याशा साहेबाच्या भाच्याचं लगीन होतं, त्याच्या आदल्या दिवशी ओतला. वरातीत घोडी घसरली त्याच्यावर. नवरदेव खाली, घोडी वर.”

“आणि हा सगळ्यांत वरचा?”

“त्याला थर कशाला म्हनता? ती फोटोखालची सतरंजी हाय.”

वामनरावांचा सिद्धान्त याच चराच्या काठावर मी पहिल्यांदा ऐकला, आणि पुढे इतक्यांदा ऐकला की झोपेतही म्हणू शकेन. तो असा. दूध तापवलं की पातेल्याच्या बुडाला जो थर धरतो त्याला खरवड म्हणतात. (तुम्ही ती खाल्लेली नाही. तुमचं दूध खोक्यातून येतं.) शहाणी बाई ती टाकत नाही. उलथण्याने खरवडून, साखर घालून वाटीत देते. रस्त्याचंही तेच.

“जुना झाला म्हंजे रस्ता मेला नाय, बाई. वरून सुकलाय. आत खडी कशी, सोन्यासारखी. इतकी वर्षं ट्रकांनी दाबून बसवलेली. ती ठेवायची खाली नि डोंगर फोडून नवी आनायची? मशीन लावा, खरवडा, चूर करा. थोडं नवं डांबर, चिमूटभर सिमेट, पानी. नि परत तिथंच दाबा, त्याच उंचीला. नव्याच्या बापासारखा टिकतो! पन करनार कोन? ओतन्यात फोटो हाय. खरवडन्यात फोटो नाय.”

हे शेवटचं वाक्य ते कुठेही वापरायचे. आमच्या सोसायटीने जुना रंग न घासता वर नवा फासला, तेव्हाही ते गेटशी येऊन म्हणाले, “बरोबर हाय. घासन्यात फोटो नाय.”

नुसतं बोलून भागत नव्हतं. त्यांच्याकडे स्टीलच्या डब्यात रस्त्याचं एक ढेकूळ असायचं. चहाआधी पाहुण्याला त्याचा वास घ्यावा लागे. “काय येतंय?” असं ते परीक्षकाच्या चेहऱ्याने विचारत. ‘काही नाही’ म्हणणाऱ्याला चहा उशिरा मिळायचा. ‘डांबर’ म्हणणाऱ्याला बिस्कीटही. एका सकाळी तर त्यांनी अंगणात चूल मांडून लोखंडी कढईत ती ढेकळं परतायला घेतली, डांबर अजून जिवंत आहे हे सिद्ध करायला. डांबर जिवंत होतं. त्याचा धूर आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत चढला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बंबाला फोन केला, वाळत घातलेले कपडे लोकांनी पुन्हा धुवायला टाकले, आणि वामनराव कढईतला काळा गोळा उलथण्यावर घेऊन सगळ्यांना खालून दाखवत होते, “बघा! चिकटतंय! बघा!”

“काका, उद्या त्याची भजी तळा,” तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं.

“तुमच्या सेक्रेटरीला पाठवा, पहिला घाना त्याला!”

हे सगळं गमतीचं होतं, पण पाऊस लागला की गंमत संपायची. सगळ्या गल्लीचं पाणी उताराने वामनरावांच्या घरात जायचं. पलंग विटांवर चढायचा, फ्रिज टेबलावर, आणि वामनराव पलंगावर मांडी घालून बसायचे. दिनेश ठाण्याहून यायचा, गुडघाभर पाण्यात उभा राहून वडिलांशी भांडायचा आणि ओल्या पँटने परत जायचा.

शेवटी त्याने निक्षून सांगितलं. रस्त्यावर पुन्हा एक थर पडणार अशी बातमी होती. “बाबा, आता अजून एक थर आला तर खिडकीतून पाणी येईल. एक तर घर उचलून घेऊ, नाहीतर बिल्डरला देऊन टाकू. गणपतीपर्यंत ठरवा. नाहीतर मी तुम्हाला उचलून नेईन.”

घर उचलणं म्हणजे काय ते तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आपल्याकडे आता हा धंदाच आहे. घराखाली ओळीने जॅक लावतात, आणि टायर बदलायला गाडी उचलावी तसं अख्खं घर वर घेतात. दिनेशने आणलेला माणूस चटपटीत होता. त्याने भिंतींवर टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं, आणि म्हणाला, “अंकल, पूरा घर ऊपर. टेबल पे चाय का कप रखो, कप भी नहीं हिलेगा.”

“कप हलायचे ते कवाच हलले,” वामनराव पुटपुटले. मग मोठ्याने विचारलं, “और सीढ़ी?”

“कौन सी सीढ़ी? वो तो रोड के नीचे गयी. उसको भूल जाओ. नयी बना देंगे, मार्बल की.”

वामनरावांनी त्याला चहा न देता वाटेला लावला. इतकी सोन्यासारखी सोय हा माणूस का नाकारतो, ते कुणालाच कळेना. दिनेशला तर नाहीच. “मी बसलेलो नाय,” एवढंच ते पुनःपुन्हा सांगायचे, “रस्ता उठलाय. त्याला बसवा.”

मुदत डोक्यावर होती, म्हणून त्यांनी अर्ज केला. शुद्ध, नेटका, मराठीत. ‘आमच्या गल्लीत थरावर थर साचले असून, त्यांची खरवड काढून तीच पुन्हा वापरावी, ही विनंती.’ वॉर्ड ऑफिसात कुणी तो किती वाचला देव जाणे. काही दिवसांनी हातात ब्रीफकेस घेतलेले एक गृहस्थ वामनरावांच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

“उतरा, उतरा!”

गृहस्थ उतरले. “आपणच म्हात्रे? खरवडीची तक्रार आपलीच ना?”

“माझीच. या, बसा.” वामनरावांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा कार्यालय आपल्या पायांनी चालत आलं होतं.

“साचलेली खरवड पुन्हा वापरली जाते, बरोबर?”

“वापरली जात नाय, हेच तर दुखनं हाय!”

गृहस्थांनी ब्रीफकेस उघडली. “नमुना आहे?”

“हाय तर!” वामनरावांनी डबा आणून झाकण उघडलं. “वास घ्या.”

गृहस्थांनी वास घेतला, आणि ते पांढरे पडले. “हे दुधात घालतात?”

ते दूधभेसळ तपासायला आले होते. अर्जातल्या एका शब्दावर बोट ठेवून कुणीतरी तो अर्ज खाण्यापिण्याच्या खात्याकडे पाठवून दिला होता. मी तेव्हा तिथेच बसले होते. हसू आवरायला मी पदर तोंडाशी धरला, पण वामनराव हसले नाहीत. गृहस्थ गेल्यावर ते बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसले. ते नीट लागत नव्हतं.

“माझी भाषा चुकली काय, मास्तरीनबाई?”

“नाही हो. भाषा बरोबर आहे. पत्ता चुकला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच अर्ज इंग्रजीत लिहून दिला. एक शब्द वाढवला नाही. फक्त ‘खरवड’च्या जागी परदेशात त्या कामाला जे लांबलचक नाव आहे ते घातलं. ते शोधायला ईशानने शिकवलेलं गूगल उपयोगी पडलं. परिणाम पाहून मला स्वतःच्या विषयाची थोडी भीतीच वाटली. मराठीत जे दुधाच्या माणसाकडे गेलं होतं, ते इंग्रजीत थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेलं. वामनरावांना बोलावणं आलं, काजू असलेली बशी पुढे आली, आणि पडद्यावर चित्रं दाखवून साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं की जुना रस्ता खरवडून तोच पुन्हा वापरता येतो, आणि ही अगदी नवी कल्पना आहे.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, काय डोकं हाय साहेब तुमचं!” वामनराव म्हणाले. “काजू चांगले होते.”

नमुना म्हणून आमचीच गल्ली निवडली. कामाच्या आधी फ्लेक्स लागला: ‘पर्यावरणपूरक नवीकरण रस्ता’. खाली ‘संकल्पना’ असं लिहून हात जोडलेला एक हसरा चेहरा. तो वामनरावांचा नव्हता. उद्‌घाटनाच्या दिवशी तो चेहरा स्वतः आला, पिवळं हेल्मेट घालून मशीनवर चढला आणि कॅमेऱ्याकडे बघून बोटांचा व्ही केला. मी वामनरावांकडे पाहिलं. ते मान डोलावत होते.

“चला. खरवडन्यात पन फोटो निघाला.”

मशीन मात्र बघण्यासारखं होतं. पुढून जुना रस्ता खात जायचं आणि मागे काळपट रवा टाकायचं. त्या रव्यात डांबर, सिमेंट, पाणी मिसळून रोलरने तो दाबत होते. मूळच्या पातळीला रस्ता उतरवायचा, तर साहजिकच पुष्कळ रवा उरला. तो ट्रकने होळी गावाकडच्या भाजीच्या वाड्यांतल्या कच्च्या वाटेवर घालायला गेला. वामनराव सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते. आपलं लग्न दुसऱ्यांदा लागत असावं तसे.

दुपारी मशीन त्यांच्या दारापुढून गेलं आणि भिंतीला लागून हातभर पट्टी तशीच सोडून पुढे निघालं.

“हे राह्यलं!” वामनराव उठले.

देखरेखीला आलेली तरुण इंजिनीअरबाई समजुतीने म्हणाली, “आजोबा, मशीन भिंतीला चिकटून नाही जाऊ शकत. कडेची पट्टी आम्ही तशीच ठेवून वरून उतार काढून देऊ. छान दिसेल.”

मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होते. पण वामनराव मागे वळले. घरात गेले, पहार घेऊन आले, आणि त्या पट्टीवर स्वतः घाव घालायला लागले. या वयात. पहार उचलली जात होती जेमतेम कमरेपर्यंत, आणि दर घावाला त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघत होता.

“आजोबा, अहो! काय करताय?”

“खाली मानूस हाय... म्हंजे, वस्तू हाय,” ते म्हणाले.

मग तिने दोघा कामगारांना हाक मारली. त्यांनी वामनरावांच्या हातातून पहार काढून घेतली आणि कडेचा थर फोडायला घेतला. वरची पायरी निघाली. मधली निघाली. मग तळाशी कामगाराच्या पहारीखाली काहीतरी पांढरं चमकलं.

“थांब! लोखंड नको लावू!”

वामनराव पुन्हा आत गेले. या वेळी येताना त्यांच्या हातात उलथणं होतं. काकींचं दूध खरवडायचं उलथणं, डांबराच्या कढईतून कसंबसं वाचलेलं. ते जमिनीवर बसले आणि सायीचा पापुद्रा काढावा तसं पायरीवरचं डांबर काढू लागले. एकेक तुकडा उघडा पडत गेला: पांढऱ्या चिनी मातीवर निळी किनार, बशीची अर्धी चकती, कपाचा कान. खालची सबंध पायरी फुटलेल्या कपबशांच्या तुकड्यांनी जडवलेली होती.

“तिच्या बापानं लग्नात सेट दिलेला,” ते वर न बघता म्हणाले. “फळी कोसळली नि एका दमात सगळा गेला. ही रडली नाय. गवंडी पायऱ्या करत होता, त्याला म्हनाली, हे यात लाव. टाकायचं कशाला? नि संध्याकाळ झाली की हितंच बसायची. माझी पायरी म्हनायची.”

उलथणं थांबलं.

“पहिला थर पडला ना, मास्तरीनबाई, तवा नारळ कोनी फोडला? मी. गावातला मोठा मानूस म्हनून. टाळ्या वाजल्या. फोटो पन हाय. घरात आलो तर ही म्हनाली, रस्ता छान झाला. बस्स, एवढंच. नि परत कवा बाहेर बसली नाय.”

इंजिनीअरबाईने कामगारांना खुणेने बाजूला केलं. कडेची पट्टी पायऱ्यांपर्यंत साफ करायचा हुकूम तिने फार हळू आवाजात दिला.

त्याला आता दोन पावसाळे झाले. रस्त्याला अजून एक खड्डा नाही. त्यामुळे रिक्षावाले गोंधळलेले आहेत आणि कंत्राटदार दुःखी. घरात पाणी शिरलं नाही. दिनेश गणपतीला आला तो कोरड्या पँटने गेला. घर उचलायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, पण पायऱ्यांना कठडा बसवून दिला. वामनरावांनी आता शेजारच्या गल्लीचा अभ्यास सुरू केला आहे आणि डब्यातलं ढेकूळ बदललं आहे. वास अजून घ्यावा लागतो.

मी आठवड्यातून एकदा जाते. फाटक वाजलं की आतून आवाज येतो, “चढा, चढा!” आणि मी पाय उचलणार एवढ्यात ते स्वतःच लगबगीने बाहेर येतात. खालची पायरी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसलेली असते. तिच्यावर पाय ठेवायची कुणाला परवानगी नाही. पोस्टमन, दिनेश, निवडणुकीला हात जोडून आलेला तो फ्लेक्सवरचा चेहरा, सगळे ढांग टाकून मधल्या पायरीवर चढतात. माझ्या गुडघ्यांना ते जमत नाही हे वामनरावांना ठाऊक आहे. म्हणून ते कठड्याला धरून खाली वाकतात आणि हात पुढे करतात.

“सांभाळून, मास्तरीनबाई. ही बसलीय.”